सत्यवतीकाकीशी भांडण

गोव्यातल्या तुये गावाच्या वरच्या वाड्यावर सत्यवती परब हिच्याशी एकदाही न भांडलेला माणूस शोधायचा झाला, तर तो बहुधा पाळण्यातलाच निघेल. नळाला पाणी आलं नाही तर पंचाशी, बस थांब्याच्या पुढे जाऊन थांबली तर ड्रायव्हरशी, बांगडे नरम लागले तर मासेवालीशी, आणि कोणीच सापडलं नाही तर नवऱ्याशी, असा तिचा दिवस जाई. पण ज्याच्याशी सकाळी भांडण झालं, त्याच्या घरी संध्याकाळी फणसाचे गरे नाहीतर वाटीभर आंब्याचं सासव पोचतं झालेलं असे. ती भांडे ती फक्त आपल्या माणसांशी. परक्याशी ती फार गोड बोलायची, आणि ते गोड बोलणं ऐकून जाणती माणसं सावध होत.

नवरा सगुण अगदी उलट. माड आणि काजू बघावेत, संध्याकाळी पडवीतल्या बांकावर बसावं आणि बायकोचं ऐकावं. घरातले सगळे शब्द बायकोनेच वापरून टाकल्यामुळे त्याच्या वाट्याला फार थोडे उरले होते, असं वाड्यावरचे लोक म्हणत. एकुलती एक मुलगी संजना लग्न होऊन डिचोलीकडे, मयेला गेली होती. घरामागे दोन खोल्या होत्या, त्या सत्यवती औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्यांना भाड्याने देई. मोपाला विमानतळ झाल्यापासून खोल्यांना मागणी फार. पण ती माणूस पारखून घ्यायची. एका खोलीत बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडचा महेश राहत होता. दुसरी रिकामी होती, तेव्हा एका दुपारी रंजनाताई तिच्या दारात आल्या.

रंजनाताई मुलींच्या एका बालगृहात काम करत. ज्यांना घर नाही अशा मुली तिथे राहत आणि अठरा वर्षं पूर्ण झाली की कायद्याप्रमाणे बाहेर पडत. पडल्यावर कुठे जायचं, हा प्रश्न रंजनाताईंनी आपल्या अंगावर घेतला होता. गौरवी नावाच्या मुलीला त्यांनी तुयेच्या एका कारखान्यात माल भरण्याच्या विभागात काम मिळवून दिलं होतं. आता तिला खोली हवी होती, आणि जरा लक्ष ठेवणारं माणूसही.

सत्यवतीने सगळं ऐकून घेतलं आणि मग ती रंजनाताईंवरच तुटून पडली.

“अठरा वर्सांच्या चेडवाक भायर काढतत? माझ्या संजनाक अठराव्या वर्सा चाय करूक येत नाय होती.”

कायदा आपण केलेला नाही, असं रंजनाताईंनी शांतपणे सांगितलं. मग केला कोणी, त्याला माझ्याकडे घेऊन या, असं सत्यवती म्हणाली. असं बराच वेळ चाललं. शेवटी तिने भांडता भांडताच खोलीचं दार उघडून दाखवलं, खिडकीची कडी घट्ट बसते का ते स्वतः दोनदा ओढून पाहिलं, आणि पोरीला रविवारी आणा म्हणून सांगितलं. आपण जिंकलो की हरलो, हे रंजनाताईंना बसमध्ये बसेपर्यंत कळलं नाही.

रविवारी गौरवी आली. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, हातात एक पत्र्याची पेटी. हसू आलं की तोंडावर हात धरायची. सत्यवतीने विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला तिचं उत्तर एकच, “हो काकी.” खोली आवडली का? हो काकी. मासे खातेस? हो काकी. भीती वाटणार नाही ना? हो काकी, म्हणजे नाही काकी.

पहिल्या आठवड्यात तिने स्वतःचं जेवण स्वतः केलं, तेव्हा भाताचं पातेलं कडेपर्यंत भरलं. बालगृहात स्वयंपाकाची पाळी असे, त्यामुळे पन्नास माणसांचा भात ती डोळे मिटून करू शकत होती; एकटीचा भात तिने जन्मात केला नव्हता. सत्यवतीने कपाळावर हात मारला आणि तो भात महेशला, शेजारणीला आणि शेजारणीच्या म्हशीला वाटून टाकला. त्या दिवसापासून गौरवीचं रात्रीचं पान परबांच्या घरातच वाढलं जाऊ लागलं.

आणखी एक गोष्ट सत्यवतीच्या लक्षात आली. कामाला जाताना ही पोरगी खोलीला कुलूप लावी आणि किल्ली आणून तिच्या हातात देई. किल्ली तुझी, तुझ्याकडे ठेव, असं कितीदा सांगितलं तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हात पुढे करून उभी. पंखा लावायलाही विचारी. अंघोळीला जाऊ का, म्हणून विचारी. सणाला घेतलेली नवी ओढणी वापरू का, म्हणूनही विचारलं तेव्हा सत्यवती चिडली, आणि तिच्या चिडण्याने पोरगी इतकी पांढरी पडली की सत्यवतीने स्वतःच ती ओढणी तिच्या खांद्यावर टाकली.

कारल्याचं तर फारच उशिरा कळलं. सत्यवती दर आठवड्याला कारलं करायची, आणि गौरवी ते पाण्याच्या घोटाबरोबर निमूट गिळायची. एकदा सगुणनेच ते पाहिलं आणि तिला कारलं आवडत नाही, असं बायकोला सांगितलं. आवडत नाही तर इतके महिने खाल्लंस का, असं सत्यवतीने विचारलं. गौरवीने खाली बघून सांगितलं, की वाढलेलं नको म्हणता येतं हे मला माहीत नव्हतं.

त्यानंतर संजनाचा प्रसंग घडला. संजना मयेहून माहेरी आली. तिचा नवरा तळ्यावर पर्यटकांना होडीतून फिरवायचा, आणि संजनाने तिथेच खाण्यापिण्याची गाडी टाकायचं ठरवलं होतं. आईला ते पसंत नव्हतं. दोघींची जी जुंपली ती दुपारभर. संजना आईच्याच आवाजाची. भांडी आपटली, दार आपटलं, पुन्हा या घरात पाऊल ठेवणार नाही असं संजना म्हणाली, आणि ठेवू नकोस असं सत्यवती म्हणाली. मग दोघी चहाला बसल्या आणि शेजारच्या लग्नातल्या कुणाच्या तरी साडीवरून हसायला लागल्या.

गौरवीला चहाला बोलवायला सत्यवती मागे गेली. खोलीचं दार उघडं होतं. पोरीने पत्र्याची पेटी भरून पलंगावर ठेवली होती आणि ती शेजारी बसली होती, बसची वाट बघणाऱ्यासारखी.

“खंय चललंस?” सत्यवतीने विचारलं.

गौरवी म्हणाली, “तुमचं माझ्यावरून भांडण झालं ना? खोली संजनाताईंना हवी असेल. मी रंजनाताईंना फोन करते.”

सत्यवती तिच्या शेजारी पलंगावर बसली. हळूहळू तिने सगळं काढून घेतलं. बालगृहात गौरवीची एक जिवलग मैत्रीण होती, राणी. राणी फटकळ होती. एकदा तिचं जेवणाच्या ओळीत मोठं भांडण झालं, आणि थोड्याच दिवसांत तिला दुसऱ्या गावातल्या संस्थेत पाठवलं. पाठवण्याचं कारण वेगळंच होतं, असं मोठेपणी गौरवीला कोणीतरी सांगितलं. पण आठ-नऊ वर्षांच्या पोरीने काय शिकायचं ते शिकून झालं होतं. जो भांडतो त्याची पेटी भरली जाते.

त्या संध्याकाळी सत्यवती पडवीत गप्प बसली. सगुणला ते सहन होईना. तो म्हणाला, “तिका ह्या घर आपला वाटूक होया, मगे भांडात ती.” एवढं बोलून तो सुपारी कातरायला लागला.

सत्यवतीने ते वाक्य जरा जास्तच मनावर घेतलं. पोरीला भांडायला शिकवायचं, असा तिने चंगच बांधला. मुद्दाम आमटीत मीठ जास्त घातलं. गौरवीने आमटीत गुपचूप पाणी ओतलं. रविवारी तिच्या झोपेच्या वेळी मोठ्याने टीव्ही लावला. गौरवी उठून टीव्ही बघायला येऊन बसली. वाळत घातलेले तिचे कपडे पावसात तसेच ठेवले. गौरवीने स्वतःचे आणि सत्यवतीचेही पुन्हा धुतले. “राग इलो तर बोल गो,” असं सत्यवती म्हणायची. “नाही आला काकी,” असं गौरवी म्हणायची. महेश हे सगळं बघून हसायचा.

या महेशवरूनच पुढचं घडलं. गौरवीने कधीतरी बोलता बोलता आपल्या आईच्या गावाचं नाव घेतलं होतं. आई खानापूर तालुक्यातली. बांधकामावर काम करायला गोव्यात आली, तापाने गेली, आणि पाच वर्षांची गौरवी बालगृहात आली. तिला एक मामा होता, गणपत. एवढंच तिला माहीत होतं. सत्यवतीने ते गाव लक्षात ठेवलं आणि महेश सुट्टीवर निघाला तेव्हा चौकशी करायला सांगितलं. महेशचं गाव तिथून जवळच. त्याने मामाला शोधून काढलं. मामा जिवंत होता, शेती करत होता, आणि भाचीचं नाव ऐकून खाली बसला, असं महेशने येऊन सांगितलं.

सत्यवतीच्या आनंदाला पारावार राहिला नाही. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मामाला घरी बोलवायचं आणि पोरीला चकित करायचं, असं तिने ठरवलं. सगुणने एकदा विचारलं, की तिला आधी विचारलेलं बरं नाही का? त्यात काय विचारायचंय, असं म्हणून तिने त्याला गप्प केलं.

चवथीचा दिवस. गणपतीच्या वर लाकडी पट्ट्यांची माटोळी बांधली होती, तिच्यात रानातली फळं आणि सुपारीचे घोस लटकत होते. घरभर हळदीच्या पानातल्या पातोळ्यांचा वास होता. गौरवी सणाला आलेल्या संजनाबरोबर नेवऱ्या तळत होती आणि खुशीत होती. दुपारी महेश एका माणसाला घेऊन आला. उन्हाने रापलेला, पांढरा सदरा घडीच्या रेषांसकट, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. तो पायरीवरच थांबला.

“बघ गो, कोण इलो,” सत्यवती म्हणाली. “तुझो मामा.”

गौरवीने हातातला झारा खाली ठेवला. तिने त्या माणसाकडे पाहिलं, नमस्कार केला, त्याला पाणी आणून दिलं. मग ती आत आली, सत्यवतीसमोर उभी राहिली, आणि जे बोलली ते पडवीपर्यंत ऐकू गेलं.

“मला विचारलं का नाही तुम्ही?”

सत्यवती काहीतरी बोलायला गेली.

“कुठे राहायचं ते दुसऱ्यांनी ठरवलं. काय शिकायचं ते दुसऱ्यांनी ठरवलं. केस किती लांब ठेवायचे तेसुद्धा. एक गोष्ट मी माझी मी ठरवली होती. दर दिवाळीला मी मामाची वाट बघायची, आणि एका वर्षी ठरवलं, की आता बघायची नाही. तेवढं एक माझं होतं. तेही तुम्ही मोडलंत.”

ती मागच्या दाराने बाहेर पडली. दार इतक्या जोरात आपटलं की माटोळीतली एक सुपारी खाली पडली. संजना तिच्या मागे धावली. थोड्या वेळाने संजनाचा फोन आला, की मी तिला माझ्याबरोबर मयेला नेते आहे, काळजी करू नका.

ज्या भांडणाची सत्यवतीने इतके महिने वाट पाहिली ते झालं, आणि तिला एक शब्द सुचला नाही. मामाला जेवायला वाढलं ते सगुणने. गणपतमामा दोन घास खाऊन उठला. तिचं बरोबर आहे, एवढंच तो म्हणाला, आणि शेंगांची पिशवी ठेवून महेशबरोबर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी वरच्या वाड्यावर सत्यवतीचा आवाज आला नाही. पाववाला पोदेर घंटी वाजवत येऊन गेला. त्याच्याकडून तिने पाव घेतले ते न बोलता, आणि त्याने पुढच्या घरी जाऊन काकींची तब्येत बरी नाही काय, म्हणून चौकशी केली. दुपारी ती साडी बदलून पडवीत आली. मयेला जाऊन येते, म्हणाली. मीही येतो, असं सगुण म्हणाला, तर नको म्हणाली. म्हापशाला एक बस बदलून, डिचोलीला दुसरी, ती मयेला पोचली तेव्हा ऊन उतरत होतं.

गौरवी संजनाच्या अंगणात अबोलीची फुलं काढत बसली होती. सत्यवतीला पाहून ती उठली नाही. आधी ती नेहमी उठायची, हे सत्यवतीच्या लक्षात आलं. ती समोरच्या पायरीवर बसली. संजना आतून बघत होती, पण शहाणपणाने बाहेर आली नाही.

सत्यवतीने उभ्या आयुष्यात कुणाची माफी मागितली नव्हती. त्याऐवजी ती फणस पाठवायची. आज तिच्याजवळ फणस नव्हता.

“माझा चुकला, बाय,” ती म्हणाली. “तुका इचारूक होया होता. माका वाटला, मी तुका कायतरी देतंय. तुझा काय काढून घेतंय ता दिसलाच नाय.”

गौरवी फुलं काढत राहिली. मग म्हणाली, “माझा राग अजून गेलेला नाही.”

“नसांदे.”

“मी अजून दोन-तीन दिवस रागावणार आहे.”

“रागावलेलं रव. पण जेवून रव.”

गौरवीने ओंजळीतली फुलं परडीत ठेवली. मग तिने अगदी बारीक आवाजात विचारलं, “आणि खोली?”

सत्यवतीला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तिला रडू आलं आणि त्या रडण्याचाच राग आला, आणि तो वाड्यावरचा आवाज परत आला.

“खोलीचा काय? तू रागावलंस म्हणान खोली खंय जाता? खोली थंयच आसा. तुझी पेटी थंयच आसा. गे संजना, ह्या चेडवाक काय खावक दिलंस काय नाय?”

गौरवी दोन दिवस मयेलाच राहिली. तिसऱ्या दिवशी कामावरून थेट परबांच्या घरी आली, पान वाढलेलं होतं तिथे बसली, आणि आमटीचा एक घास घेऊन म्हणाली, की काकी, मीठ जास्त झालंय. यावेळी ते खरोखरच चुकून जास्त झालं होतं. तरी सत्यवतीने ते कबूल केलं नाही, आणि दोघींची अशी जुंपली की सगुण आपलं ताट घेऊन पडवीत जाऊन बसला. तिथे तो एकटाच हसत होता, असं महेश सांगतो.

मामाचा विषय घरात कोणी काढला नाही. तो गौरवीने स्वतःच काढला, शिमगा होऊन गेल्यावर. मला मामाच्या गावाला जायचंय, म्हणाली. सत्यवती लगेच उठून पिशवी शोधायला लागली. तेव्हा गौरवी म्हणाली, की काकी, तुम्ही नको. तुम्ही फार बोलता. मी काकांना घेऊन जाते.

सत्यवतीला ते चांगलंच लागलं. पण तिने दोघांसाठी पोळ्या केल्या, काजूचे लाडू बांधले आणि घाटात गाडी लागू नये म्हणून लिंबू दिलं. गौरवी आणि सगुण चोर्ल्याच्या घाटाने बेळगावला आणि तिथून खानापूरकडे गेले. एक मुक्काम करून परत आले. दारात पाय ठेवण्याआधीच सत्यवतीने सगळं विचारायला सुरुवात केली. सगुणकडून तिला कळलं ते एवढंच, की घर कौलारू आहे आणि विहीर चांगली आहे.

गौरवीने मात्र हात-पाय धुऊन चहा घेतला आणि सांगितलं. मामाच्या मुलीला हसू आलं की तीही तोंडावर हात धरते, अगदी तसाच. आईचं माहेरचं नाव तिला पहिल्यांदा कळलं. आणि मामा एकदा बालगृहात आला होता. फाटकापाशी उभा राहून त्याने पाहिलं, तर गौरवी धुतलेल्या गणवेशात बाकीच्या मुलींबरोबर खेळत होती. त्याच्या घरी तेव्हा तीन लेकरं आणि एका वेळची पेज. इथे बरी आहे, असं मनाशी म्हणून तो तसाच मागे फिरला.

“तू काय बोललंस?” सत्यवतीने विचारलं.

“मी म्हटलं, आत यायला हवं होतं तुम्ही.”

“मगे?”

“त्याने मान हलवली. मामी रडली. मग आम्ही जेवलो.”

सत्यवतीचा पारा चढत गेला. फाटकापर्यंत येऊन परत फिरतो म्हणजे काय, त्या माणसाला आता मीच फोन लावते आणि चार शब्द सुनावते, असं म्हणत ती उठली. गौरवीने तिच्या हातातला फोन काढून घेतला.

“काकी, तुम्ही मध्ये पडायचं नाही. माझा मामा आहे. भांडायचं असेल तेव्हा मी भांडेन.”

आणि ती आपल्या खोलीत जाऊन झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हं अंगणात येईपर्यंत. तिला उठवायचं नाही, असं सत्यवतीने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. सकाळी गॅसवाला गौरेश सिलिंडर घेऊन आला आणि त्याने तो ओट्यावर जरा जोरात ठेवला. त्यावर त्याला जे काही ऐकून घ्यावं लागलं, ते सगळं खानापूरच्या मामाच्या पत्त्याचं होतं, हे त्या बिचाऱ्याला कसं कळावं? जाताना सत्यवतीने त्याच्या हातावर दोन लाडू ठेवले, तेव्हा तर तो आणखीच गोंधळला.